सोबतीचा बाक आणि अर्ज क्रमांक सतरा

माणसाला दुःख झालं की बसायला जागा लागते. उभ्याने दुःख करणारे लोक जगात आहेत, नाही असं नाही. पण ते फार टिकत नाही. पाय दुखू लागले की मूळ दुःख मागे पडतं आणि माणूस पायांबद्दल बोलू लागतो. ही साधी गोष्ट मानवजातीच्या ध्यानात यायला काही हजार वर्षं लागली. चर्चच्या धर्मप्रांताच्या शिक्षण कार्यालयाच्या ध्यानात ती एका मंगळवारी सकाळी आली, आणि बुधवारी परिपत्रक निघालं.

परिपत्रकाचा विषय होता ‘विद्यार्थी-स्वास्थ्य व सामुदायिक जीवन’. प्रत्येक कॅथलिक माध्यमिक शाळेने आपल्या पटांगणात एक बाक ठेवावा. ज्या मुलाला एकटं वाटत असेल त्याने त्यावर येऊन बसावं. ते पाहून इतर मुलांनी जाऊन त्याच्याशी बोलावं. येणेप्रमाणे एकटेपणा नाहीसा होईल. (किती दिवसांत व्हावा, हे जोडपत्र ‘ब’मध्ये दिलं होतं. सत्र संपेपर्यंत.)

ज्या शाळेची ही हकिगत आहे, तिच्या मुख्याध्यापिका एक सिस्टर होत्या. वय एकसष्ट, कणा ताठ, आणि जिन्यावर त्यांचं पाऊल वाजलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत शांतता पसरायची. त्यांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि भूगोलाच्या सरांना बोलावून घेतलं.

भूगोलाच्या सरांना सगळी शाळा नकाशेसर म्हणायची. बगलेत कायम एकदोन गुंडाळलेले नकाशे. एकोणीस वर्षं त्यांनी नदीचा उगम कुठे आणि मुख कुठे एवढंच शिकवलं होतं. मधल्या प्रवाहात काय होतं, याच्या भानगडीत ते पडले नव्हते.

“स्वास्थ्याचं काम तुम्ही बघा,” सिस्टर म्हणाल्या.

“मी? सिस्टर, माझा विषय भूगोल.”

“लोक कुठे राहतात हे तुम्ही शिकवता ना? ते कसे राहतात, हे त्याच्या शेजारीच आहे.”

या युक्तिवादात खोट काढणं सरांना जमलं नाही. (नंतर घरी जाताना जमलं, पण तोवर नेमणुकीवर सही झाली होती.) सरांची बायको एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. तिने बातमी ऐकली आणि हातातली बशी सावकाश खाली ठेवली.

“अहो, लग्नाला बावीस वर्षं झाली. ‘काय झालं गं’ असं तुम्ही मला एकदाच विचारलंत. तेव्हा मी शिडीवरून पडले होते.”

“विचारलं होतं की नाही?”

“विचारलं होतं,” ती म्हणाली. “आधी शिडी सरळ केलीत, मग विचारलंत.”

सरांनी हे मनाला लावून घेतलं नाही. अनुभव नसणं ही काही नेमणुकीतली अडचण नसते. किंबहुना ज्याला अनुभव आहे तो माणूस अशी नेमणूक घेतच नाही.

बाक नवा करायची गरज पडली नाही. प्रार्थनालयातला एक जुना बाक काढून बाहेर आणण्यात आला. अशा बाकाच्या पाठीला मागच्या रांगेतल्या लोकांसाठी गुडघे टेकायची फळी असते. ती सुताराने काढली नाही, कारण काढायला सांगितलं नव्हतं. त्यामुळे बाकावर बसलेल्या मुलाच्या मागे कोणी गंमत म्हणून गुडघे टेकले, की पुढचा वारल्यासारखा दिसायचा. पिवळा रंग मनाला उभारी देतो असं परिपत्रकात होतं म्हणून बाक पिवळा रंगवला. रंग वाळायला चार दिवस लागले. दुसऱ्या दिवशी व्यायामाचे सर बुटाची नाडी बांधायला त्यावर टेकले, ही बाकाच्या वापराची पहिली नोंद. त्यांच्या मनाला उभारी आल्याचं दिसलं नाही.

जागेचा प्रश्न सरांनी स्वतः सोडवला. भिंतीलगतची, झाडामागची, जिन्याखालची अशा आडबाजूच्या सगळ्या जागा त्यांनी नाकारल्या. तिथे बसलेलं मूल दिसणार कसं? त्यांनी पटांगणाचा आराखडा काढला, कर्ण आखले, आणि ते जिथे छेदतात त्या बिंदूवर बाक ठेवला. आता तीन मजल्यांवरच्या कुठल्याही खिडकीतून तो स्वच्छ दिसत होता. ज्याला एकटं वाटतंय त्याला सहाशे चाळीस मुलांनी एकाच वेळी पाहावं, अशी ही सोय होती. सर आराखड्यावर इतके खूश होते, की तो त्यांनी चौकटीत लावला.

पहिल्या महिन्यात बाकावर एकूण बसलेले पुढीलप्रमाणे: चिमण्या – मोजल्या नाहीत; फुटबॉल – नऊ वेळा; विद्यार्थी – शून्य. सरांनी प्रामाणिकपणे अहवाल लिहिला की शाळेत एकही मूल उदास नाही आणि उपक्रम अपेक्षेपेक्षा लवकर यशस्वी झाला आहे.

सिस्टरांनी चष्मा काढला.

“सहाशे चाळीस मुलांत एकही उदास नाही?”

“नाही सिस्टर.”

“मला पटत नाही. मी स्वतः शिकवते त्यांना.”

तेव्हा पाळ्या लावण्याचं ठरलं. (लाजेपोटी कोणी बसत नसेल, तर सगळ्यांना आळीपाळीने बसवलं की लाज उरत नाही. हे तर्काला धरून होतं. या उपक्रमातली प्रत्येक गोष्ट तर्काला धरून होती. पुढे जे झालं ते म्हणूनच झालं.) प्रत्येक तुकडीने आपल्या दिवशी हजेरी क्रमांकानुसार एक उदास आणि दोन सोबती पुरवावेत. उदासाने मधल्या सुट्टीची घंटा झाल्याबरोबर बाकावर यावं आणि हात मांडीवर ठेवावेत. सोबत्यांनी दोन मिनिटांनी यावं, आधी येऊ नये, कारण एकटं वाटायला तेवढा वेळ लागतो. सोबत्यांना तीन वाक्यं ठरवून दिली होती: “काय झालं?”, “मग?” आणि “होईल सगळं ठीक.” ती याच क्रमाने म्हणायची. एकदा दहावीच्या एका सोबत्याने “होईल सगळं ठीक” आधी म्हटलं आणि मग “काय झालं?” विचारलं, तेव्हा त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

मुलं हुशार असतात, आपण समजतो त्याहून थोडी जास्तच. आठवड्याभरात पाळ्यांची अदलाबदल सुरू झाली. सोमवारचा उदास शुक्रवारी बसायला तयार असायचा, पण त्या दिवशी सामना नसला तर. नववीतला एक मुलगा इतकं छान उदास व्हायचा, की दुसऱ्या तुकड्या त्याला मागून न्यायच्या. पाचवीतल्या एकीला बाकावर बसल्या बसल्या हसू फुटलं. तिच्या पालकांना चिठ्ठी गेली. ‘आपली पाल्य उदास असताना हसताना आढळली.’

सर रोज दुसऱ्या मजल्यावरून हे पाहायचे आणि वहीत खुणा करायचे. खाली एक पिवळा बाक, त्यावर हात मांडीवर ठेवलेलं एक मूल, त्याच्यापुढे दोघं उभी, सगळ्यांचं लक्ष घंटेकडे. आपण काहीतरी उभं केलं आहे, असं त्यांना वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं, म्हणून ते त्यावर फार विचार करायचे नाहीत.

आता, पाळीने बसणारे झाले. पण ज्याला खरोखरच वाटतंय त्याचं काय? एके दिवशी आठवीतली एक मुलगी डोळे पुसत बाकापाशी आली. सरांनी वही पाहिली आणि तिला समजावून सांगितलं, “बाळ, तुझी पाळी गुरुवारी आहे.” ती गेली. सर माणुसकी नसलेले नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी अशा मुलांसाठी विहित नमुन्यातला अर्ज तयार केला आणि ग्रंथालयाबाहेर एक पेटी लावली. अर्ज गोपनीय. नाव लिहायचं नाही. मात्र इयत्ता व तुकडी, कारण, कधीपासून, आणि कोणाविरुद्ध तक्रार आहे काय, हे रकाने भरणं आवश्यक. गोपनीय अर्जदाराला उत्तर कळवायचं कसं, हा प्रश्न होता. त्यावर उपाय म्हणून अर्ज शेऱ्यासह सूचनाफलकावर टाचणीने लावायचं ठरलं.

(त्या आठवीतल्या मुलीला नेमकं काय झालं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं. वर्गशिक्षिकेने विचारलं होतं असं पुढे कळलं. बाईंना कुठल्या उपक्रमाची माहिती नव्हती.)

पहिले सोळा अर्ज आले. पंधरांमध्ये उदासीचं कारण गणित होतं आणि उपाय म्हणून गणित बंद करावं असं सुचवलं होतं. एकात हरवलेल्या छत्रीचं वर्णन होतं. आणि मग सतरावा.

अक्षर शाईच्या पेनाचं, गोल, एका ओळीत बसलेलं. सरांना कौतुक वाटलं. अशी मुलं अजून आहेत तर! कारण: ‘जेवताना बोलायला कोणी नाही.’ कधीपासून: ‘सुट्टी संपल्यापासून.’ कोणाविरुद्ध तक्रार: ‘नाही. ज्यांनी केलं त्यांनी विचार करूनच केलं असणार.’ इयत्ता व तुकडी: कोरं.

सरांनी लाल पेनाने शेरा मारला: ‘अपूर्ण. इयत्ता भरावी.’ आणि अर्ज फलकावर लावला.

चार दिवसांनी तोच अर्ज नव्या कागदावर पेटीत. इयत्तेच्या रकान्यात: ‘लागू नाही.’ सरांनी लिहिलं: ‘“लागू नाही” या नावाची इयत्ता शाळेत नाही.’ हा शेरा त्यांना इतका आवडला, की त्यांनी तो शिक्षकखोलीत वाचून दाखवला. कोणी हसलं नाही, पण शिक्षकखोलीत सरांच्या बोलण्यावर तसंही कोणी हसायचं नाही. त्यांची खुर्ची नकाशांच्या कपाटाकडे तोंड करून होती, आणि डबा खाताना ते एकोणीस वर्षं त्या कपाटाच्या कडीकडे पाहत आले होते.

तिसऱ्यांदा अर्ज आला तेव्हा रकान्यात होतं: ‘ते दिवस फार मागे राहिले.’ शेरा: ‘मोघम.’

तरी सर स्वस्थ बसले नव्हते. अर्ज नामंजूर केला म्हणून प्रश्न सोडून द्यायचा नसतो. सहाशे चाळीसांपैकी कोणीतरी एकटं जेवतंय. ते कोण हे शोधण्यापेक्षा सगळ्यांनाच एकत्र जेवायला लावणं सोपं. त्यांनी ‘सहभोजन अभियान’ काढलं. एका टेबलावर सहा जण, मैत्री असलेले दोघं एका टेबलावर नकोत (त्यांना आधीच सोबत आहे), आणि दर दोन मिनिटांनी प्रत्येकाने निदान एक वाक्य बोलावं. गप्प टेबलापाशी शिक्षक येऊन उभे राहतील. शिक्षक येऊन उभे राहिले की उरलंसुरलं बोलणंही बंद व्हायचं, ही एक अडचण होती. जेवताना पुस्तक वाचणाऱ्या एका मुलीचं पुस्तक काढून घेऊन तिला पाच जणांशी बोलायला लावलं, तेव्हा ती रडली. अभियानापूर्वी नोंदलेले एकाकी: एक. अभियानानंतरचे: सदतीस. सरांनी अहवालात लिहिलं की जाणीवजागृती लक्षणीय वाढली आहे.

मग एका सोमवारी पेटीत अर्ज नव्हता. चिठ्ठी होती, त्याच अक्षरात.

‘अर्ज क्रमांक सतरा मागे घेत आहे. आपला वेळ गेला, त्याबद्दल क्षमस्व.’

नियमाप्रमाणे प्रकरण मिटलं होतं. सरांनी वहीत ‘निकाली’ लिहिलं, अधोरेखित केलं, आणि संध्याकाळी जेवताना बायकोला सहज सांगितलं.

तिने घास खाली ठेवला.

“मागे घेतला?”

“हो. सुंठीवाचून खोकला गेला.”

“अहो, काउंटरवर उभं राहून माझी अर्धी हयात गेली. जो माणूस औषधासाठी भांडतो ना, त्याची मला काळजी नसते. जो ‘राहू द्या’ म्हणून मागे फिरतो, त्याच्या मागे मी दुकान सोडून जाते. शोधा त्या पोराला.”

“अगं, गोपनीय आहे ते.”

“असू दे गोपनीय. गोपनीयपणे काही बरंवाईट करून बसलं म्हणजे?”

लाल पेनाने आपण काय काय लिहिलं, ते सरांना शब्दन् शब्द आठवत गेलं. ‘अपूर्ण.’ ‘मोघम.’ दहा-बारा वर्षांचं एक मूल फलकापाशी उभं राहून ते वाचतंय, आजूबाजूला कोणी नाही ना हे बघतंय, असं चित्र डोळ्यांपुढे आलं ते जाईना. त्या शेऱ्यावर आपण स्वतःच हसलो होतो, हे तर अजिबातच जाईना.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर घरी गेले नाहीत. ग्रंथालयासमोरच्या सामानखोलीत शिरले, आणि जगाचा एक मोठा नकाशा दारात टांगून त्यामागे उभे राहिले. फाटलेल्या महासागरातून पेटी आणि फलक दोन्ही दिसत होते. पाऊण तास काही झालं नाही. शिपाईमामा येऊन नकाशाला झाडू मारून गेले. सरांनी श्वास रोखला. मग जिन्यावर पाऊल वाजलं, आणि सगळीकडे शांतता पसरली. तशी शाळेत आधीच कोणी नव्हतं. ही शांतता फक्त सरांपुरती होती.

सिस्टर मुख्याध्यापिका फलकापाशी थांबल्या. इकडेतिकडे पाहिलं. मग फलकावरचे अर्ज क्रमांक सतराचे तिन्ही कागद, एकेक टाचणी काढून, हळूच सोडवले, नीट घडी घातली आणि झग्याच्या खिशात ठेवले. टाचण्या पुन्हा फलकाच्या कडेला ओळीने टोचून ठेवल्या.

सरांना वाटलं, मुलाची बदनामी नको म्हणून काढत असतील. थोर बाई. असं दहाएक सेकंद वाटलं. मग त्यांना ते अक्षर आठवलं. एकोणीस वर्षं रोज सकाळी याच अक्षरातल्या सूचना वाचून ते ‘वाचलं’ अशी सही करत आले होते. सर दचकले, नकाशा खिळ्यातून सुटला, आणि जग खाली आलं.

“सर,” सिस्टर वळून म्हणाल्या, “तुम्ही इथे काय करताय?”

“स्वास्थ्य,” सर म्हणाले.

मग सिस्टर पटांगणात गेल्या, आणि सर मागोमाग गेले, कारण जावं की नाही हे कुठल्याच नियमात नव्हतं. सिस्टर बाकावर बसल्या. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

“इयत्ता भरली नाही म्हणून तीनदा परत पाठवलात,” त्या म्हणाल्या.

“सिस्टर, मला काय माहीत... नियम तुम्हीच मंजूर केला होता.”

“नियम चांगलाच आहे. मी वाचला नव्हता, एवढंच.”

महिनाभर सगळ्या शाळेला बोलायला शिकवणाऱ्या माणसाला ऐन वेळी तीनच वाक्यं आठवली.

“काय झालं?” ते म्हणाले.

“संगीताच्या सिस्टर गेल्या ना.”

गेल्या होत्या, हे सरांना माहीत होतं. सुट्टीत त्यांची सिस्टरांच्या लांबच्या मठात बदली झाली होती. निरोपाला शाळेने फुलं दिली होती, सरांनी रांगेत उभं राहून हात मिळवला होता.

“मग?”

“बावीस वर्षं आम्ही समोरासमोर जेवलो. आता मठात माझ्याखेरीज दोघीच आहेत. एक आजारी, तिचं ताट खोलीत जातं. दुसरी बोलत नाही. व्रत नाही हो, स्वभाव. संगीताच्या सिस्टर रोज पहिला चमचा तोंडात घातला की म्हणायच्या, सूपमध्ये मीठ कमी आहे. मी म्हणायचे, आहे तेवढं पुरे. बावीस वर्षं, एक दिवस चुकला नाही. मला राग यायचा, सर. या बाईला दुसरं काही दिसत नाही का, असं मी प्रार्थनेतसुद्धा म्हणाले आहे. सूप अजून तसंच आहे. कोणी काही म्हणत नाही. दोन ओळींचं पत्र आलं, त्या गेल्या. आज्ञा ती आज्ञा. तक्रार नाही माझी.”

“होईल सगळं...” सर सवयीने म्हणाले, आणि थांबले.

“ही वाक्यं मी मंजूर केली होती?”

“सही आहे तुमची.”

“वाईट आहेत.”

“हो,” सर म्हणाले. “मीच लिहिली.”

मग काय झालं कोण जाणे, ते बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मधे दोन मुलांची जागा सोडून. आणि त्यांनी सांगितलं की शिक्षकखोलीत त्यांचं तोंड कपाटाकडे असतं. कोणी तसं बसवलं नाही. पहिल्या दिवशी तीच खुर्ची रिकामी होती. ती वळवायला काय लागतं? काहीच नाही. एकोणीस वर्षं त्यांना वाटत आलं की आपल्याला कपाट आवडतं. “सगळ्या शाळेला बोलायला लावायला मीच निघालो, सिस्टर. माझ्या बायकोला अजून हसू आवरत नाही.”

सिस्टर हसल्या नाहीत. पण त्यांनी मान वळवून सरांकडे पाहिलं, आणि तेवढ्यानेही सरांना बरं वाटलं. कोणीतरी आपल्याकडे तोंड करून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सिस्टर मुख्याध्यापिका जिना उतरल्या, पटांगणाच्या मधोमध गेल्या आणि पिवळ्या बाकावर बसल्या. फुटबॉल एकटाच घरंगळत जाऊन भिंतीला लागला. त्या दिवशीचा अधिकृत उदास, नववीचा तो नावाजलेला मुलगा, आपली जागा गेली म्हणून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा खरोखरच उतरला. दोन मिनिटं झाली. सोबत्यांनी पाळ्यांची यादी पाहिली. सिस्टरांचा हजेरी क्रमांक नव्हता.

दुसऱ्या मजल्यावर सर कठड्याला धरून उभे होते. खाली जावं, असं त्यांना वाटत होतं. पण त्यांनी कठडा सोडला नाही. सहाशे चाळीस डोकी आपल्याकडे वळली की कसं वाटतं, हे आराखडा काढताना त्यांनी लक्षात घेतलं नव्हतं.

पाचवीतली एक मुलगी पुढे आली. चष्मा नाकावर घसरलेला, हातात अर्धा खाल्लेला पाव. हीच ती, उदास असताना हसल्याबद्दल जिच्या घरी चिठ्ठी गेली होती.

“सिस्टर, तुम्हाला कोणी घेत नाही का?”

“नाही,” सिस्टर म्हणाल्या.

मुलीने विचार केला. “मलापण शिवणापाणीत घेत नाहीत. मी लगेच आउट होते.” आणि ती बसली, पाळी नसताना, अर्ज न भरता. “पाव खाता? लोणी कमी आहे. माझी आई नेहमी कमीच लावते.”

सिस्टरांनी तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिल्या.

“आहे तेवढं पुरे,” त्या म्हणाल्या.

“पुरे कसं? कोरडा लागतोय,” मुलगी म्हणाली. आणि दोघींचा लोण्यावरून वाद सुरू झाला. तो घंटा होईपर्यंत मिटला नाही आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालू राहिला. तिसऱ्या दिवशी त्यात चौघं सामील झाले. मग व्यायामाचे सर आले, आधी बोटाने रंग तपासून. पाळ्यांची वही कोणी मागितली नाही. सरांनीही काढली नाही. पुढच्या बुधवारी त्यांनी शिक्षकखोलीतली आपली खुर्ची फिरवली. तिचा असा काही आवाज झाला की सगळे दचकले, आणि ग्रंथपालबाई म्हणाल्या, “अय्या सर, तुम्हाला मिशा आहेत?”

शुक्रवारी शिक्षण कार्यालयातून तपासणीचे फादर आले. त्यांना बाकावर आणि बाकाभोवती चौदा मुलं, दोन शिक्षक आणि एक मुख्याध्यापिका आढळल्या. त्यांनी सरांना बाजूला घेतलं.

“यांत उदास कोण?”

“सांगता येणार नाही, फादर.”

“आणि सोबती?”

“तेही नाही.”

“नोंदी?”

“मोजायचं राहून गेलं.”

फादरांचा अहवाल संयमी होता. बाकाचा वापर अनियंत्रित. लाभार्थी व सेवा देणारे यांत फरक करता येत नाही. मुख्याध्यापिका कामाच्या वेळेत लोण्याविषयी बोलताना आढळल्या. बाकावरून तीन वेळा हशा ऐकू आला. एकूण शेरा: असमाधानकारक. सरांना स्वास्थ्याच्या कामातून मुक्त करण्यात आलं. बायकोने विचारलं, “वाईट वाटलं?” तेव्हा सर म्हणाले, “थोडं.” मग ते गप्प बसले, आणि ती समोर बसून राहिली. असं बावीस वर्षांत पहिल्यांदाच झालं. कोणी शिडीवरून पडलं नव्हतं तरी.

बाक अजून तिथेच आहे. पण कार्यालय गप्प बसलं नाही. गप्प बसलेल्या कार्यालयाला कार्यालय म्हणत नाहीत. फादरांच्या अहवालावरून असं निष्पन्न झालं, की चूक बाकाची नव्हती. एकाकी कोणाला म्हणायचं हेच कुठे लिहिलेलं नव्हतं. तेव्हा नवं परिपत्रक निघालं आहे. ते शाळांपुरतं नाही, सर्व वयाच्या सर्वांना लागू आहे, आणि त्यात व्याख्या दिली आहे: ‘जी व्यक्ती सलग दहा मिनिटे एकाच जागी, मान खाली घालून, कोणाशीही चकार शब्द न बोलता बसलेली असेल, ती एकाकी समजण्यात यावी.’

ही हकिगत वाचायला साधारण बारा मिनिटं लागतात. (सरांनी घड्याळ लावून पाहिलं आहे.) मधे उठून कोणाशी दोन शब्द बोलला असाल, तर आपला प्रश्नच नाही. बोलला नसाल, तर शेजारच्या खोलीत जे कोणी आहे तेही बहुधा हातात काहीतरी धरून, मान खाली घालूनच बसलेलं असेल. आधी कोणी उठायचं, याबद्दल परिपत्रकात काही म्हटलेलं नाही.